चकाचक केबिन

मंडळी, हेवी लायसन्स हातात आल्यावर आज पहिल्यांदाच एका ट्रान्सपोर्ट कंपनीत नोकरीसाठी गेलो. यार्ड इथेच, रत्नागिरीजवळ. नेटवर रिव्ह्यू चांगले, ऑफिसात एसी, मॅनेजर गोडबोल्या. त्याने सही करायला पेनसुद्धा पुढे केलं.

मी म्हटलं, आधी गाड्या बघतो. आमच्या वाडीतल्या सुधाकाकांनी तसं बजावलंच होतं. त्यांची उभी हयात ट्रक चालवण्यात गेली.

पाच गाड्या उभ्या होत्या. प्रत्येक केबिनमध्ये चढून बघितलं. सगळं चकाचक. खूश होऊन काकांना फोन लावला.

"गाड्या नव्या काय?"

"नाय, तीनेक वर्षांच्या असतील."

"आत देवाचा फोटो? कोणाची चादर, तांब्या, पोरांचा फोटो?"

"काहीच नाय."

 काका म्हणाले, "मेल्या, ड्रायव्हर पंधरा-पंधरा दिवस केबिनमध्येच राहतो. तेच त्याचं घर. तीन वर्षांत एकानेही तिथे आपलं काही ठेवलं नाय, म्हणजे कोण टिकतच नाय रे."

मॅनेजरला विचारलं, तुमचा सगळ्यात जुना ड्रायव्हर कोण? त्याने विषय बदलला. मी सही न करताच निघालो.

येताना डोक्यात एकच होतं. याआधी मी सात वर्षं एका हार्डवेअरच्या दुकानात होतो. सोडलं त्या दिवशी सामान न्यायला साधी पिशवीसुद्धा लागली नाही.

तुमच्या कामाच्या जागी तुमचं स्वतःचं असं काय ठेवलंय?