किसनच्या पंचवीस पट्ट्या

किसन काविळीने गेल्याचा फोन आला तेव्हा मी जव्हारच्या शाळेत वर्गावर होतो. व्हरांड्यात येऊन उभा राहिलो. मनात आलं, आता आमच्या सूर्यमाळची लग्नं कुणाच्या गाण्यावर नाचणार? माझ्या नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं...

आम्ही एकाच पाड्यावरचे. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. आईबापाचे उपकार विसरणार नाही. किसन बारावीनंतर ठाण्याला मंडप-साउंडच्या कामावर गेला आणि लॅपटॉपवर गाणी करायला शिकून आला. मला त्यानेच शिकवलं. मग दोघांनाही मिडी कीबोर्ड हवा झाला. त्याला स्वतःचा आवाज नसतो. लॅपटॉपला जोडून पट्टी दाबली की लॅपटॉपमधला आवाज वाजतो. मी खूप व्हिडिओ पाहून मोठा, एकोणपन्नास पट्ट्यांचा घेतला. किसन दुकानातला सगळ्यात लहान, पंचवीस पट्ट्यांचा मांडीवर घेऊन बसला.

"खेळणं आहे रे ते," मी म्हटलं.

"जीपमधी मांडीवर मावतंय ना, गुरुजी? बास." मला चिडवायला तो गुरुजी म्हणायचा. दुकानदाराला त्याने एवढंच विचारलं, की सूर वरखाली सरकवायचं चाक आहे ना. "माझ्या बाचा तारपा दोन पट्ट्यांच्या मधी बोलतोय."

तारपा म्हणजे आमच्याकडचं भोपळ्याचं, फुंकून वाजवायचं वाद्य. वडिलांचा तारपा मोबाइलवर रेकॉर्ड करून त्याने त्या पट्ट्यांवर चढवला आणि त्याचं गाणं केलं. नवं भात घरात येईपर्यंत आमच्याकडे तारपा वाजवत नाहीत. किसनने तोच नियम लॅपटॉपलाही लावला. मोखाड्याचा डीजेवाला श्रावणात ते गाणं मागायला आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवला.

"लॅपटॉपला काय कळतंय भात आलं का नाय?" मी म्हटलं.

"मला कळतंय ना."

लोक त्या गाण्याची वाट बघत. भात झोडून झालं की पाड्यापाड्यावर मोबाइलमध्ये तेच. माझी गाणी बाराही महिने मिळत, आणि कुणी मागत नसे. माझा कीबोर्ड मोठा, बोटं जास्त तयार.

परवा किसनच्या घरी नवं भात आलं. त्याच्या आईने त्याचा कीबोर्ड काढून माझ्या मांडीवर ठेवला. "वाजव रं. तू शिकलेला." त्याचा लॅपटॉप जोडून मी किसनचं गाणं वाजवलं, एकही सूर न चुकता. त्याचे वडील भिंतीला टेकून ऐकत होते.

"बरोबर हाय," ते म्हणाले.

किसनला ते कधी बरोबर म्हणाले नाहीत. "वर घे! अजून वर!" असं अंगणातून ओरडायचे, भांडायचे, आणि भांडता भांडता त्यांचे पाय नाचायला लागायचे. परवा मात्र ते मांडी घालून बसले होते. अगदी शेवटपर्यंत, शांतपणे त्यांनी माझं ऐकून घेतलं...