तिकडच्या सरकारसाठी गाऱ्हाणं

माझ्या सासऱ्यांनी युरोपातल्या एका सरकारसाठी देवाला गाऱ्हाणं घातलं, तेव्हा मी हातात प्रसादाची परात घेऊन उभी होते. हसावं की रडावं तेच कळेना.

भांडुपच्या टेकडीवर आमची चाळ. बहुतेक घरं मालवणकडची. दरवर्षी माघात सत्यनारायण असतो आणि पूजा आटपली की चाळीतला वडीलधारा माणूस नारळ पुढे ठेवून मोठ्याने देवाशी बोलतो. तो मागणार आणि प्रत्येक मागण्यावर बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. हेच गाऱ्हाणं. हा मान कैक वर्षं सासऱ्यांचा. मी माहुलच्या कोळ्यांची पोर, लग्न होऊन आले तेव्हा वाटलं, हे काय भांडण लागलंय! आमच्याकडे एवढ्या वरच्या पट्टीत फक्त गिऱ्हाइकाशी बोलतात. सासरे म्हणाले, "एकट्याचा देव ऐकणा नाय गो. मागे व्हय म्हणणारी माणसा लागतत."

त्या वर्षी माझा नवरा युरोपात होता, जहाजं बांधायच्या कारखान्यात वेल्डर. इथे रिफायनरीच्या कंत्राटावर राबून त्याचा हात तयार झाला होता आणि तिकडे माणसं मिळत नव्हती, म्हणून गेला. वर्षभरात मी आणि आमची लेक त्याच्या मागून जाणार असं ठरलं होतं. अर्जही भरला. तेवढ्यात तिकडे सरकार बदललं. नव्या लोकांनी कुटुंबाचे सगळे अर्ज थांबवून ठेवले, म्हणे नियम पुन्हा तपासतो. झालं, वाट लागली! लेक फोनवर बापाशी बोलायची आणि बोलून झालं की मला सांगायची, "मम्मी, पप्पांना चार्जिंगला लाव." सगळे हसायचे. मला नाही हसू यायचं.

सासरे रोज सकाळी चहा घेताना विचारायचे, "काय म्हणता तिकडचा सरकार?" गिरणीत आयुष्य गेलेला माणूस, इथल्या नगरसेवकाचं नाव त्यांना आठवायचं नाही, पण तिकडच्या मंत्र्याचा चेहरा ते पेपरातल्या फोटोवरून ओळखायला लागले होते. मी मोबाईलवर बातम्या शोधून मराठीत सांगायची. युरोपातल्या देशांचं एक मंडळ आहे, सहा-सहा महिने एकेक देश आळीपाळीने त्याचा अध्यक्ष होतो, हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे आमच्या पूजेच्या कमिटीसारखा! वर्गणी सगळ्यांची आणि मिजास अध्यक्षाची."

नेमकी त्या वर्षी आमच्या सरकारची पाळी आली. हो, तोवर आम्ही त्याला आमचंच म्हणायला लागलो होतो. पूजेच्या दिवशी दुपारी मी प्रसादाच्या शिऱ्यासाठी रवा भाजत होते आणि दुसऱ्या हातातल्या मोबाईलवरून त्यांना वाचून दाखवत होते. सगळ्या युरोपने मिळून आधी काय करायचं, ते त्या सरकारने जाहीर केलं होतं. धंदा वाढवायचा. वीज स्वस्त करायची. कारखान्यांमागची कागदपत्रांची कटकट कमी करायची. सरहद्दी पक्क्या करायच्या, ज्यांचे अर्ज फेटाळले त्यांना लवकर परत पाठवायचं. आणि हाताला कसब असलेले कामगार बाहेरून आणायचे.

"आणि कुटुंबाचा?" सासऱ्यांनी विचारलं.

"कुटुंबाचं अगदी शेवटी. बघू म्हणतात. आणि कुटुंब म्हणजे बायको आणि लहान मुलं. आईबाप त्यात येत नाहीत."

"बरा झाला. माका थंडी सोसणा नाय," ते म्हणाले आणि हसले.

माझं डोकं फिरलं. उलथनं आपटलं मी कढईत. "मेल्यांना वेल्डर पाहिजे, वेल्डरची बायको नको! त्याचा नुसता हात कापून पार्सल करायचा का यांना?"

सासऱ्यांनी कढईखालचा गॅस बारीक केला. मग म्हणाले, "गिरणीक तरी खंय होयी होती गो बायल-पोरा? आम्ही लालबागच्या खोलीत पाळीपाळीन झोपणारे. तुझी सासू गावाक. एकदा मे महिन्यात गेलंय, तर झील, तुझो घोव, माका बघून आवशीच्या मागे लपलो. 'ह्यो कोण?' म्हणून इचारल्यान." त्यांनी डोळे पुसले नाहीत, पण चष्मा काढून उगाच पुसत बसले. "तशी पाळी तेच्यार येवक नको."

मला एकदम भरून आलं. आम्ही गेलो की हा माणूस इथल्या खोलीत एकटा राहणार होता. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि नातीशिवाय त्यांना घास उतरत नव्हता. तरीही रोज ते आमच्या जाण्याचीच चौकशी करत होते.

संध्याकाळी पूजा झाली. सासऱ्यांनी नारळ ठेवला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ह्या चाळीतल्या लेकरांनी जी काय मोडकी-तोडकी सेवा केली हा, ती गोड मानून घे!"

"व्हय म्हाराजा!"

"तिकडचा सरकार आता युरोपचा अध्यक्ष झाला हा, म्हाराजा! तेंचो धंदो वाढांदे, तेंची वीज स्वस्त होवंदे, तेंच्या शिमेची तू राखण कर!"

पोरं फिदीफिदी हसायला लागली. पाठीमागून कोणीतरी म्हणालं, "आजोबांचा इलेक्शन हा काय?" सासरे थांबले नाहीत. दुपारी वाचलेलं त्यांनी ओळीने सगळं मागून घेतलं, कागदपत्रांची कटकटसुद्धा सोडली नाही.

"पण जो माणूस तेंची जहाजा जोडता, म्हाराजा, तेची बायल आणि चेडू तेच्या ताटाकडे बसांदेत!"

चाळीत अर्धी घरं गिरणीवाल्यांची. मग एवढ्या जोरात "व्हय म्हाराजा" झालं की माझ्या हातातली परात हलली. मी पदर डोळ्यांना लावला आणि खुशाल रडले.

पावसाळा सरता सरता तिकडून कळलं. ज्या कामांना माणसं मिळत नाहीत, त्या कामगारांच्या बायकामुलांना आता येऊ देणार. मी उड्याच मारल्या. सासरे म्हणाले, "झकास!" आणि पायात चपला अडकवून बाहेर पडले. आले ते बऱ्याच वेळाने, हातात एक नारळ घेऊन.

निघायच्या दिवशी दुपारची रिक्षा खाली उभी होती. त्यांच्या जेवणाचं शेजारणीने अंगावर घेतलं होतं. देव्हाऱ्यापुढे नारळ ठेवून सासऱ्यांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा..." म्हणाले आणि पुढे शब्दच फुटेना. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडकले. लेक "व्हय म्हाराजा" म्हणायला तोंड उघडून तयार.

चाळीत बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. मला मालवणीही धड येत नाही. पण मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"बा देवा म्हाराजा, आम्ही जातोय. मागे राहणाऱ्याच्या गुडघ्यांत ताकद दे. शेजारीण ताट आणेल ते गरम असताना खायची बुद्धी दे."

"व्हय म्हाराजा!" लेक ओरडली.

"आणि त्या सरकारला सांग, कुटुंब म्हणजे नुसती बायको-पोरं नव्हे. बापसुद्धा. आता बापाचं बघ म्हणावं."

"व्हय म्हाराजा!" पुन्हा लेकच. सासरे मान खाली घालून उभे.

"बाबा," मी म्हटलं, "मागे व्हय म्हणायला माणसं लागतात. तुम्हीच सांगितलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नातीकडे. तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"थंडी सोसात गो माका," ते म्हणाले, आणि मग अगदी हळू, "व्हय म्हाराजा."