विस्कटायला शिकवणाऱ्या येळवंडे मॅडम

येळवंडे मॅडम नव्या बॅचला पहिल्या दिवशी प्रोग्राम लिहायला शिकवत नसत. स्क्रीन विस्कटायला लावत. आकुर्डी स्टेशनजवळ दोन खोल्यांत त्यांचा क्लास होता. आम्ही बायका कॉम्प्युटरपुढे अंग चोरून बसलेल्या, आणि मॅडम पाठीमागून फिरत म्हणत होत्या, "वढा गं, वढा. डावीकडची खिडकी उजवीकडं न्या. खालची बंद करून टाका. घाबरताय कशाला? काचेची भांडी हायेत का फुटायला?"

ज्या एडिटरमध्ये आम्ही लिहिणार होतो, त्यात डावीकडे फाइलींची यादी, मध्ये आपण लिहिलेलं आणि तळाशी चुका दाखवणारी चौकट असायची. मॅडमनी आधी प्रत्येकीला मधल्या चौकटीत नाव-गाव अशा चार ओळी लिहायला लावल्या होत्या. बघता बघता सगळ्यांच्या स्क्रीनचा बाजार झाला. माझी तर तळाची चौकट गायबच झाली. मी मूळची बीडकडची. चाकणला एका कंपनीत पॅकिंगला होते, कंत्राट संपलं म्हणून शिकायला निघालेली. आधीच्या एका क्लासात असंच काहीतरी हललं, तेव्हा तिथले सर सगळ्यांदेखत ओरडले होते, "हात कशाला लावला?" दुसऱ्या दिवसापासून मी तिकडे फिरकले नव्हते.

"मॅडम, माझ्याकडून मोडलं," मी कसंबसं म्हणाले.

त्या शेजारी येऊन बसल्या. "मोडलं न्हाई. नुसतं हाललंय. वर 'विंडो' लिहिलंय, ते उघड. त्यात 'रिसेट लेआउट' हाय, ते दाब."

मी दाबलं. सगळ्या चौकटी आपापल्या जागी येऊन बसल्या.

"आता तू लिहिलेलं बघ. येक तरी वळ गेली का?"

एकही गेली नव्हती.

"मग परत इस्कट," त्या म्हणाल्या आणि पुढच्या बाईकडे वळल्या.

मॅडम चाकणजवळच्या एका खेड्यात लग्न होऊन आल्या आणि नंतर कॉलेज शिकल्या. वाकडच्या एका मोठ्या कंपनीत त्यांनी काही वर्षं कामही केलं. तिथे त्यांच्या बोलण्याला लोक गालातल्या गालात हसायचे. त्यांनी बोलणं बदललं नाही. "इंग्रजी मी वाचते, लिव्हते. पण समजावून सांगायचं म्हटलं की माझी जीभ गावाकडंच जाती. जाऊ द्या की!" असं म्हणून त्या स्वतःच मोठ्याने हसत. रागही तितकाच मोठा. "मला जमणार नाही" असं कुणी म्हटलं की भडकत. "'जमत न्हाई' म्हण. त्याला औषध हाय. 'जमणार न्हाई' म्हणलीस तर मी काय करू?"

पुढे चाकणच्या एका कारखान्याने मशीनच्या प्रोग्रामिंगसाठी माणसं घ्यायला आमच्या क्लासातच परीक्षा ठेवली. साहेबांनी स्वतःचे लॅपटॉप आणले होते. माझ्या लॅपटॉपवर एडिटर उघडला, तर मधली चौकट तेवढी दिसत होती, बाकी काहीच नाही. प्रोग्राम चालवला तरी उत्तर दिसेना, चूकही दिसेना.

साहेब वाकून म्हणाले, "जमत नसेल तर राहू द्या, ताई. दुसऱ्यांना बसू द्या."

मी दाराकडे पाहिलं. मॅडम तिथेच उभ्या होत्या. आमची नजरानजर झाली आणि त्यांनी तोंड फिरवून रस्त्याकडे बघायला सुरुवात केली. मला इतका राग आला त्यांचा! त्या रागातच मी म्हणाले, "जमतंय, सर. नुसतं हाललंय." वरचा मेनू उघडला, 'रिसेट' दाबलं. तळाची चौकट आली, तिच्यात माझी चूकही होती. ती दुरुस्त केली आणि प्रोग्राम चालला.

नोकरी लागल्याचं कळलं तेव्हा मी मॅडमना विचारलं, "तोंड का फिरवलंत?"

"शब्द वठापर्यंत आला व्हता गं. पण मी बोलले असते तर नोकरी मला लागली असती, तुला न्हाई." एवढं बोलून त्यांनी पदराने डोळे टिपले.

काही वर्षांनी आमच्याच कारखान्यात लाइनवरच्या बायकांना प्रोग्रामिंग शिकवायचं ठरलं. मी मॅडमचं नाव सुचवलं. त्यांच्याशी फोनवर बोलून मॅनेजर मला म्हणाले, "बोलणं जरा गावठी वाटतं."

"लाइनवरच्या बायका तसंच बोलतात, सर. एकदा बोलावून तर बघा."

त्या आल्या त्या दिवशी मी त्यांना घ्यायला गेटवर गेले. स्कूटर लावून त्या आत न येता पार्किंगच्या शेडकडे बघत उभ्या राहिल्या.

"काय झालं, मॅडम?"

"हितं आमचा कांदा असायचा," त्या म्हणाल्या. "त्या शेडपाशी विहीर व्हती. कारखान्यात जमीन गेल्यावर सासरे या रस्त्यानं कधी आले न्हाईत. लांबून वळसा घालून जायचे."

तेवढ्यात गेटवरचा सिक्युरिटीवाला पुढे आला. "कुणाकडं आलात, मावशी?"

मॅडमनी पदर सारखा केला.

"कुणाकडं न्हाई. शिकवायला आलेय," त्या म्हणाल्या आणि वाट न विचारता माझ्या पुढे चालू लागल्या.