गालानं पाहिलेलं ग्रहण

आमच्या लोणावळ्याच्या घरी ग्रहणाचे वेध कडक पाळत. सूट फक्त लहान मुलांना, म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना. त्या वर्षी सूर्यग्रहणाच्या सकाळी सासूबाईंनी वन्संपुढे पोह्यांची ताटली ठेवली. "तू खा गं. तुला कसलं ग्रहण!" देवीच्या आजारात वन्संचे डोळे गेले होते, पण तब्येत माझ्याहून ठणठणीत. त्यांनी ताटली बाजूला सरकवली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आजारी आहेत का त्या?" सुनेनं बोलू नये ते मी बोलून गेले.

वन्संचं खरं दुःख वेगळंच होतं. हे शाळेत विज्ञान शिकवत आणि संध्याकाळी ओसरीवर शिकवणी घेत. वन्संना तिथं बसायचं होतं. हे म्हणत, "सगळं फळ्यावर दाखवायचं असतं. तुला काय कळणार?" एवढा विद्वान माणूस, पण बहिणीच्या बाबतीत नुसता दगड.

अंगणात यांनी दुर्बिणीतून सूर्याचं बिंब पांढऱ्या कागदावर पाडलं. निम्मी आळी त्याभोवती गोळा झाली. वन्सं बाजूला, उन्हाकडे तोंड करून बसल्या. थंडीचे दिवस होते. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "दादा, लागलं बघ."

"केव्हाच लागलंय!" हे हसले. मी हिरमुसले.

वन्सं मात्र हलल्या नाहीत. अंगणातलं ऊन फिकं पडलं, गार वाटायला लागलं. मग त्या म्हणाल्या, "आता सुटायला लागलं. गालाला ऊब वाढतेय."

हे कागदावर वाकले. सावली खरंच मागं सरत होती. यांचं तोंड बघण्यासारखं झालं!

बहिणीशेजारी बसून हे सांगू लागले, "सगळाच प्रकाश डोळ्यांना दिसत नाही गं. तांबड्याच्या पलीकडचा नुसता ऊब म्हणून कळतो. परदेशात मोठ्या दुर्बिणीला डोळा लावायच्या जागी तारांचा बारीक सांधा बसवतात. मंगळाची ऊब पोचली की त्यात किंचित वीज तयार होते आणि मापकाचा काटा हलतो. मंगळ किती गार, किती गरम, ते त्यावरून काढतात."

"म्हणजे तिथं डोळ्यांनी कुणी बघतच नाही?"

"नाही."

"तरी त्या काट्यावर विश्वास ठेवतात?"

"ठेवतात की."

"आणि माझ्यावर?"

ग्रहण सुटल्यावर सासूबाईंनी आंघोळीचं पहिलं पाणी वन्संना काढून दिलं. संध्याकाळी ओसरीवर वन्सं सगळ्यांत पुढं बसल्या होत्या. यांनी खडू उचलला आणि काय काढणार ते आधी तोंडानं सांगितलं.