लेकीनं भाजलेली मिसरी

दुष्काळात आम्ही नवराबायको सहकारी कारखान्याला ऊस तोडायला गेलो. लेकीला वडवणीला माझ्या आईकडं ठेवलं. फडात भूक मारायला मी दिवसभर तंबाखूची मिसरी लावायची, ती घरीही सुटेना.

पुढं दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तंबाखूनं मेंदूत डोपामिन उसळतं. त्याची सवय लागली की मेंदू साध्यासुध्या सुखानं खुलत नाही. ऐकून मला माझाच संताप आला. पोरीला हे कधीच कळलं होतं.

एकदा हंगाम संपवून परतले, तर ती गळ्यात पडलीच नाही. आधी चुलीकडं पळाली आणि माझ्यासाठी स्वतः भाजलेली मिसरी घेऊन आली.

"आई, आदी ही लाव," म्हणाली. "मंग तू हसतीस."