पाहणीच्या दिवशी वन्संना आंघोळ घातली नाही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, सावंतवाडीला माहेरी बहिणीलाही नाही. देवासमोरही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण आमच्या मये गावात लोक मला चांगली म्हणतात, आणि ते ऐकलं की अंगाची आग होते.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. लग्न केलं नाही, मराठी शाळेत शिकवलं, निवृत्त होऊन आमच्यातच राहिल्या. त्यांच्या साडीची निरी विस्कटलेली मी कधी पाहिली नव्हती. मग पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. समज मात्र सगळी होती.

खाण बंद पडून काम गेल्यावर नवरा मोपाला विमानतळावर गाडी चालवायला लागला. तो पहाटेच जायचा. पोदेर पाव देऊन जायच्या आत मी वन्संची आंघोळ उरकायचे. मग भरवणं, पुसणं, दर दोन तासांनी कूस बदलणं. माझं शिवणकाम सुटलं. पाच वर्षं गेली अशी. थकले म्हटलं की नवरा म्हणायचा, "तू घराकडेच असतेस मगे."

घराकडेच!

घरच्या आजाऱ्याची सेवा करणाऱ्यांसाठी सरकारची मदत निघाली. शेजारणीला वन्संजवळ बसवून मी डिचोलीच्या कचेरीत खेपा घातल्या, अर्ज दिला. एक साहेब पाहणीला यायचे होते. मी वन्संना न्हाऊ घातलं, वेणी घातली, इस्त्रीची साडी नेसवली. साहेबांनी उंबऱ्यावरूनच पाहिलं आणि गेले. नंतर कागद आला — रुग्ण स्वच्छ व नीटनेटका, विशेष देखभालीची गरज दिसत नाही.

स्वच्छ होत्या म्हणून गरज नाही? मग स्वच्छ कोण ठेवत होतं त्यांना — वारा? तो कागद मी चुलीत घालणार होते. घातला नाही. पुन्हा अर्ज केला.

आणि दुसऱ्या पाहणीच्या दिवशी — इथे मला थांबावंसं वाटतं. कुणीतरी सुचवलं, असं म्हणू का? नाही. कुणी सुचवलं नव्हतं. माझ्याच डोक्यातून आलं.

त्या सकाळी मी वन्संना हात लावला नाही.

ओलं झालं की त्या डाव्या हाताने खाटेच्या लोखंडी दांडीवर टकटक करायच्या. त्या दिवशी आठपासूनच करायला लागल्या. पाहणीवाले दहाला येणार होते. दहा वाजले, अकरा वाजले. मी स्वयंपाकघरात विळीवर नारळ खवत बसले — नारळ लागणार नव्हता, तरी. शेवटी आत गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"जरा कळ काढा, वन्सं. माणूस येऊन जाऊं दे."

कळलं त्यांना. म्हणजे मी विसरले नव्हते, मुद्दाम ठेवलं होतं, हे कळलं. त्यांनी हात खाली घेतला. मी दार ओढून बाहेर आले.

दीड वाजता आली ती एक तरुण मुलगी. दारातच तिला वास आला. तरी ती खाटेपर्यंत गेली, वाकली, आणि म्हणाली, "बाई?"

तिसरीला ती वन्संच्या वर्गात होती. वन्संनी ओळखलं तिला. डाव्या हाताने पदर ओढून त्या तोंड झाकायला लागल्या. पदर अंगाखाली अडकला होता, येईना. त्या ओढत राहिल्या.

मी सोडवला का? नाही. मी बघत उभी राहिले.

मुलगी रडली. माझा हात धरून म्हणाली, "वहिनी, एकटीवर किती भार आहे हो तुमच्या." मी मान हलवली. आत्ता बदलणारच होते, एवढं तरी म्हणायचं होतं. नाही म्हटलं. म्हटलं असतं तर तिचं लिहिणं थांबलं असतं.

मदत मंजूर झाली.

वन्सं त्यानंतर दीड वर्ष होत्या. त्यांनी दांडीवर पुन्हा कधी हात मारला नाही. ओल्यात तशाच पडून राहायच्या, छताकडे बघत. मी तासातासाला हात घालून बघायचे. एकदाही त्यांना चुकलं म्हणाले नाही. ऐकायला त्या होत्या, वेळ होता, तरी नाही.

त्या गेल्या तेव्हा ती मुलगी आली होती. सगळ्यांसमोर म्हणाली की बाईंची इतकी सेवा पोटच्या लेकीनेही केली नसती. मी डोळे पुसले आणि ऐकून घेतलं.

राग माझा गेलेला नाही. उंबऱ्यावरून परतलेल्या त्या साहेबावर आहे, त्या कागदावर आहे, नवऱ्यावर आहे. तो खोटा नाही. पण त्या साहेबाने दार ओढलं नव्हतं. कपाटात धुतलेली साडी होती. चुलीवर पाणी तापलेलं होतं. आठपासून दीडपर्यंत वन्सं ओल्यात होत्या, आणि मी भिंतीपलीकडे नारळ खवत होते.