कपाटावरचा चौक

उधव्याजवळच्या पाड्यावर पुतळीने गायल्याशिवाय कुणाचं लग्न लागत नसे. ती धवलेरी. बायकांनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढायचा आणि पुतळीने गाऊन देवीला त्यात आणून बसवायचं, ही रीत. गाण्यात व्याह्यांची नावं गुंफून त्यांची टोपी उडवायची, ही तिची स्वतःची भर.

हल्ली मात्र तिची हाडं ठणकत, वरचेवर मूतखडे होत. डॉक्टर संगिताने रक्त तपासून सांगितलं, की मानेत तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. त्यातली एक चिकूच्या बीएवढी फुगून हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओतते आहे. ती कापून काढायची. फक्त आवाजाची नस तिला खेटून जाते.

"मंग हाडं दुखू दे," पुतळी म्हणाली. सरिता, तिची सून, पाया पडली तेव्हा कुठे ती टेबलावर चढली.

शस्त्रक्रिया नीट झाली, पण घसा बसला. भूल देताना घशात घातलेल्या नळीमुळे, की नस दुखावली?

"मावशी, जरा वरच्या पट्टीत गाऊन दाखवा," संगिता म्हणाली.

"चौक नाय तं गाणं कसं? देवी यायची नि बसायची कुठं?"

खरं तर ती मनातून पार घाबरली होती.

डॉक्टरची पाठ वळताच सरिताने पुतळीला दिलेल्या पांढऱ्या गोळ्या कुटून पाण्यात कालवल्या आणि खाटेजवळच्या हिरव्या कपाटावर चौक काढला. आता पुतळीला सबब उरली नाही. लग्न म्हणजे नवरी हवी. तिने डॉक्टर संगिताला नवरी केलं, आणि भूल देणाऱ्या, स्वतःच सदा पेंगुळलेल्या डॉक्टर नविनला नवरा. आवाज चिरकला, अडला, मग वर चढला तो खाली येईना. सरिता ढसाढसा रडली. पुतळीच्या ओठांना मुंग्या आल्या, बोटं वळली.

"देवी आली," ती सुखावून म्हणाली.

गाण्यातली आपली नावं दाराआडून ऐकणारे दोन्ही डॉक्टर धावत आले. "देवी नाही, ग्रंथी काढल्यामुळे रक्तातलं कॅल्शियम उतरलंय. त्याच्या गोळ्या घेतल्या नाहीत?"

सरिताने कपाटाकडे बोट दाखवलं.

नविनने शिरेतून औषध सोडलं, मुंग्या थांबल्या. संगिता हसू दाबत ओलं फडकं घेऊन कपाटाकडे वळली.

"पुसू नको, बाय. नवरीनं चौक पुसला तं लगीन मोडतं." ही रीत पुतळीने तिथल्या तिथे जन्माला घातली होती, पण आवाज खणखणीत होता.

संगिता थबकली. नविनने तिच्या हातातलं फडकं हळूच काढून घेतलं आणि स्वतःच्या खिशात घातलं.